कापसाच्या खोलीतला भीमपलास

भाऊजी, भांडण अर्धवट टाकून निघून जाणं वकिलाला शोभत नाही. समोरच्याचं म्हणणं पूर्ण ऐकून घ्यायचं आणि मगच उठायचं, हे तुम्हीच मला शिकवलं होतं. तुमची तेरवी झाली, पाहुणे आपापल्या गावी गेले, ताईनं सतरंज्या झटकून घड्या घातल्या, आणि मी तुमच्या गाणं ऐकायच्या खोलीत बसून तुमच्याशीच बोलतो आहे. तुम्ही असता तर म्हणाला असता, "सुधाकर, मुद्द्यावर ये."

मुद्दे दोन आहेत. पहिला आपण इतक्यांदा घोळला की ताईला तो तोंडपाठ झाला होता. त्या हिवाळ्यात या खोलीत गाणं तसं वाजलं ते कशामुळे, तुमच्या मशीनच्या नव्या केबलमुळे की माझ्या कापसामुळे? दुसऱ्या मुद्द्यावर आपण एक शब्दही बोललो नाही. तुमच्या एकुलत्या एक साळ्याला, म्हणजे मला, या दारात उभं करून तुम्ही विचारलं होतं, "ही काय धर्मशाळा हाये काय?" पहिल्या मुद्द्यावर मी हसत भांडायचो. दुसरा मात्र मनात घेऊन फिरलो. माझा कापूस तुम्हाला खुपत होता का, मी खुपत होतो का, एवढंच विचारायचं होतं. विचारलं नाही. दवाखान्यात तुमचा हात हातात घेऊन बसलो होतो तेव्हाही नाही.

मशीन आलं तेव्हाचं आठवतं. मी ताईला म्हणालो होतो, लोक वकिली सोडली की तीर्थयात्रेला जातात, आपले भाऊजी नागपूरला जाऊन डबा घेऊन आले. बुटाच्या खोक्याएवढा काळा डबा. त्यात कॅसेट घालायची नाही, तबकडी ठेवायची नाही. इंटरनेटवरून गाणं ओढायचं आणि स्पीकरला द्यायचं, एवढंच त्याचं काम.

"स्ट्रीमर म्हनतात त्याले," तुम्ही म्हणालात. "डबा म्हनू नको. डब्यात पोहे ठेवतात."

त्याच्यासाठी तुम्ही पक्षकार बसायची ही मोठी खोली मोकळी केलीत. कायद्याची पुस्तकं ज्युनिअर वकिलाला देऊन टाकली, कपाटं हलवली, उरली फक्त फरशी आणि उंच पांढऱ्या भिंती. समोर माणसाच्या कमरेएवढे दोन स्पीकर आणि त्यांच्यापुढे दोन खुर्च्या. एक तुमची, दुसरी जो तावडीत सापडेल त्याची. ताई कधी सापडली नाही, कारण तिला स्वयंपाकघरातून ऐकायला आवडायचं. मी राळेगावकडून काही कामानं यवतमाळला आलो की सापडायचो.

सुरुवातीला त्या मशीननं तुमची परीक्षाच पाहिली. गाणं रंगात आलं की थांबायचं आणि फोनच्या पडद्यावर एक चकरी गोल गोल फिरत राहायची. एकदा वानरांनी खांबावरची इंटरनेटची वायर ओढून तोडली, तर तुम्ही गच्चीवर जाऊन त्या वानरांना कोणकोणती कलमं लावता येतील ते मोठ्यानं सांगत होता. शेजारचे लोक बाहेर येऊन पाहत होते. मशीन चालू असलं तरी तुमचं समाधान नव्हतं. आवाज मोकळा आहे पण बसत नाही, म्हणायचात. मशीनच्या मालकांचा एक ग्रुप होता फोनवर, देशभरातली माणसं, प्रत्येक जण आपापला अनुभव लिहायचा. कोणी लिहायचं गाण्यामागची शांतता काळीभोर झाली, कोणी लिहायचं सूर मखमली झाला. तुम्ही मलाही त्यात घातलं होतं. माझ्याकडे डबा नव्हता, होता तो पोह्यांचाच. तरी मी सगळं वाचायचो, कारण तुम्ही दुसऱ्या दिवशी फोन करून विचारायचात.

त्या वर्षी दिवाळीला कापसाचा भाव पडलेला होता. आमच्याकडे अशा वेळी सगळे करतात तेच मी करणार होतो. घरात कापूस भरून ठेवायचा, भाव उठला की विकायचा. पण माझ्या घरावर स्लॅब पडत होता आणि कापूस ठेवायला कोरडी जागा नव्हती. तुम्ही म्हणालात, "माह्या खोलीत टाक ना. एवढी मोठी रिकामी खोली."

मी कचरलो. आमच्या बाबांनी लेकीच्या घरी कधी पोटभर जेवण केलं नाही, आणि मी त्याच लेकीच्या घरात टेम्पोभर कापूस ओतायचा? ताईलाही वेगळीच काळजी. "एक ठिनगी उडाली त सारं घर जाईन," ती म्हणाली. तुम्ही वाळूच्या दोन बादल्या आणून दारात ठेवल्या, खोलीत उदबत्ती लावायची बंद केली, मशीनवर ताईचं जुनं सुती लुगडं चौघडी करून घातलं, म्हणजे धूळ बसायला नको. "झालं समाधान?" म्हणालात.

कापूस खोलीत येऊन पडला. मागच्या भिंतीला छतापर्यंत, दोन्ही बाजूंना खिडकीच्या वरपर्यंत. मध्ये तुमच्या दोन खुर्च्या आणि समोर स्पीकर. नदीच्या खोऱ्यात बसावं तसे आपण दोघं बसलो होतो.

ती दुपार माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. तुम्ही भीमपलास लावला. तुमच्या आवडीच्या त्या जुन्या बाई, ज्यांचं गाणं तुम्ही कॉलेजात असताना मंडपाबाहेर उभं राहून ऐकलं होतं. बाईंनी षड्ज लावायच्या आधी श्वास घेतला, आणि तो श्वास मला ऐकू आला. माझ्या मानेवर काटा आला. तंबोऱ्याची एकेक तार वेगळी मोजून घ्यावी अशी. बाई तिथं, त्या दोन स्पीकरांच्या मध्ये बसल्या होत्या, अगदी पदर सावरून. तुम्ही एक हात वर केला होता आणि तो खाली घ्यायचं विसरलात. ताई चहा घेऊन आली ती दारातच उभी राहिली. गाणं संपलं तेव्हा चहा थंड झाला होता आणि तुमचे डोळे भरले होते.

"आत्ता वाजलं," तुम्ही म्हणालात. "आत्ता वाजलं बाप्पा."

मग आपण दोघंही खाजवायला लागलो. साठवलेल्या कापसातली कीड अंगाला लागली होती. ताईनं खोबरेल तेल आणून दिलं. त्या हिवाळ्यात आपण रोज नसलो तरी जमेल तेव्हा ऐकलं, तेल लावून, खाजवत, आणि इतकं आनंदात मी तुम्हाला कधी पाहिलं नव्हतं. केस जिंकल्यावरही नाही.

भांडण सुरू झालं ते त्याच आठवड्यात तुमची नवी केबल आली होती म्हणून. बैलाच्या कासऱ्याएवढी जाड. तुम्ही ती मशीनला लावली आणि सगळं श्रेय तिला देऊन मोकळे झालात. मी म्हणालो, भाऊजी, वायर काय करते? खोलीत कापूस आहे म्हणून आवाज घुमत नाही. लग्नाच्या मंडपात गाद्या घातल्यावर गलका कमी होतो की नाही?

"पुरावा?"

"हा काय समोर पडला आहे. टेम्पोभर."

"हा वस्तुपुरावा नाई, हा माल हाये," म्हणालात. "केबल आली अन् आवाज सुधारला. घटनाक्रम पाह्य."

पालथ्या घड्यावर पाणी. तुम्ही ग्रुपवर आपला अनुभव लिहिला आणि आम्हाला वाचून दाखवला. केबल बदलल्यावर गाण्यामागची शांतता कशी आली, बाईंचा श्वास कसा ऐकू आला. कापसाचं नाव नाही. लोकांनी वाहवा केली. कोइम्बतूरच्या एका गृहस्थानं तर तुमच्या शब्दावर तीच केबल मागवली. मी ताईला म्हणालो, आता त्या बिचाऱ्यानं कापूस कुठून आणायचा?

संक्रांतीनंतर भाव थोडा चढला. लगेच तुम्ही माझ्या मागे लागलात. "इकून टाक, सुधाकर. आता थांबू नको." सरकी काढणाऱ्या जिनिंगवाल्यांच्या केसेस तुम्ही चालवल्या होत्या, बाजारातली कुजबुज तुमच्या कानावर यायची. मी विकला. कापूस गेला आणि आवाजही गेला. बाई पुन्हा विहिरीत उतरून गायला लागल्या. तुम्ही मशीन नागपूरला दुरुस्तीला पाठवलंत. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. दुकानदारानं काहीच बिघाड नाही म्हणून परत पाठवलं. मी फोनवर हसलो तेव्हा तुम्ही म्हणालात, "त्यानं उघडून बिघडवलं." त्यानंतर कापसाचा विषय काढला की तुम्ही केबलची फेरतपासणी मागायचात. मधे एकदा आलो तर या खोलीच्या भिंतींना घरातल्या सगळ्या गाद्या उभ्या टेकवलेल्या. हे काय म्हटलं तर म्हणालात, ढेकूण झाले. तेव्हा मला पटलंही.

दुसऱ्या वर्षी माझं घर बांधून झालं होतं. तरी दिवाळीला तुमचाच फोन. "कापूस इथंच आन. खेड्यात उंदीर असतात." मला बरं वाटलं. पुन्हा तोच डोंगर, तेच तेल, तोच भीमपलास, आणि तुमचा तोच वर राहिलेला हात. फेब्रुवारी लागला तसे तुम्ही पुन्हा विक म्हणायला लागलात. मी ऐकलं नाही. खरं सांगू? भाव अजून चढेल असं वाटत होतंच, पण तेवढंच नव्हतं. तुम्हाला त्या खुर्चीत बसलेलं पाहून मला वाटायचं, राहू दे होळीपर्यंत. केबलचं खूळ तुमचं असेल, पण ऐकायला तर मिळतंय. माझ्या घरात एवढं सुख देण्यासारखं दुसरं काय होतं? तुम्ही दोनदा सांगितलं, तीनदा सांगितलं. मी आपला हसून टोलवत राहिलो.

मग तो दिवस. मी आलो तर तुम्ही दारातच उभे. चेहरा कोर्टातला.

"कापूस उचल."

"उचलतो ना, घाई काय आहे?"

"घाई मले हाये. माही खोली खाली कर. किती दिवस अडवून ठेवनार? ही काय धर्मशाळा हाये काय?"

आत ताई भांडी घासत होती, तिचा हात थांबलेला मला ऐकू आला. मी चपला काढल्या नव्हत्या, काढल्या नाहीतच. त्याच दिवशी टेम्पो बोलावला, कापूस भरला, ज्या भावाला गेला त्या भावाला विकला आणि पाणी न पिता गावी गेलो. वाटेभर बाबांची आठवण येत होती. म्हातारा शहाणा होता, लेकीच्या घरी पेला उष्टा करायचा नाही म्हणायचा. महिन्याभरात बाजार असा बसला की गावातल्या निम्म्या घरांत कापूस पिवळा पडत राहिला. लोक मला म्हणाले, सुधाकर, तू बरा वेळेवर सुटलास. मी त्यांना काय सांगू, की मी सुटलो नव्हतो, हाकलला गेलो होतो?

भाऊबीजेपर्यंत तुमच्या घराची पायरी चढलो नाही. तेव्हा आलो ते ताईसाठी. तुम्ही काहीच घडलं नाही असं बोललात. "ये सुधाकर, बस, गानं ऐक." बसलो. त्या वर्षी गुलाबी बोंडअळीनं शेतात काही ठेवलंच नव्हतं, त्यामुळे कुठं ठेवायचा हा प्रश्नच आला नाही. पुढच्या वर्षांत तुम्ही कधी कापूस आण म्हणाला नाहीत, आणि मीही वेचला की थेट विकला. केबल की कापूस, हे भांडण मात्र चालू ठेवलं दोघांनीही. निदान ते चालू आहे म्हणजे बोलणं चालू आहे, असं मला वाटायचं. पण तुमच्या शेजारच्या खुर्चीत मी पूर्वीसारखा टेकून बसलो नाही, भाऊजी. कडेवर बसायचो. तुमच्या ध्यानात आलंच असेल.

आजारपणात तुम्ही नागपूरला होता. मी भेटायला आलो तेव्हा वेचणी सुरू झाली होती. नळ्यांतून तुमचा आवाज नीट येत नव्हता. तुम्ही विचारलंत, "यंदा कसा हाये कापूस?" मी म्हणालो, बरा आहे. तुम्ही म्हणालात, "भाव भेटला की थांबू नको." मला राग आला, भाऊजी. मरणाच्या दारातही यांना माझ्या कापसाची एवढी घाई? मी मान हलवली आणि तुमच्या पायावरची चादर सारखी केली. ते आपलं शेवटचं बोलणं.

तेरवीच्या दुसऱ्या दिवशी ताई आणि मी इथं बसलो होतो. ती मशीनवरची धूळ पुसत होती. मी सहज म्हणालो, शेवटपर्यंत केबलचंच म्हणत राहिले भाऊजी. ताई पुसायची थांबली.

"काहून, तुले खरंच वाटलं का त्याईले मालूम नव्हतं?"

मी खुर्चीत तिच्याकडे वळलो.

"मशीन नागपूरहून परत आलं ना, त्या दिवशी ह्या रिकाम्या खोलीत उभे राह्यले अन् आवाज घुमते का पाहाले टाळी वाजोली. मंग पुन्हा वाजोली. अन् मंग हसाले लागले. मले म्हने, शशी, साळा जिंकला. गाद्या बी लावून पाह्यल्या भिंतीले. त्यानं काई थो आवाज आला नाई."

"मग मला का नाही सांगितलं?"

"मी बी हेच म्हनलं. त म्हने, त्याले सांगितलं त तो माह्यासाठी कापूस इथंच ठेवून देईन. भाव येईन अन् जाईन, हा आपला मले गानं ऐकवत बसन. त्यापेक्षा केबल बरी."

ताईनं फडकं खाली ठेवलं. मग ती जे बोलली ते मी तुम्हाला जसंच्या तसं सांगतो, कारण तुमच्या तोंडून मला ते कधीच ऐकायला मिळणार नव्हतं.

"त्या साली बाजार पडनार म्हनून त्याईले कोनीतरी सांगून गेलतं. तुले सांगून सांगून थकले. तू हालेच ना. मंग मले म्हने, तो भावासाठी नाई थांबला, शशी, तो माह्यासाठी थांबून राह्यला. गोडीनं नाई ऐकनार तो. त्याले लागन असं बोला लागते. तू गेल्यावर आठ-पंधरा रोज मशीन लावलं नाई त्याईनं. मी म्हनलं, फोन करा, समजावून सांगा. त म्हने, समजावलं त पुढच्या साली पुन्हा आनन. राहू दे, मले वाईट म्हनू दे."

भाऊजी, तुम्ही ताकास तूर लागू दिली नाहीत. जगात तुम्हाला सगळ्यात जास्त आवडलेली गोष्ट माझ्यासाठी स्वतःच्या हातानं दाराबाहेर काढलीत, आणि वर माझ्या नजरेतून उतरायलाही तयार झालात. अशी केस कोण चालवतं? समोरच्याच्या बाजूनं, स्वतःविरुद्ध, आणि निकालही ऐकवायचा नाही? मी रडलो. ताईसमोर, लहान पोरासारखा रडलो. मग मला तुमचा इतका राग आला की तुम्ही समोर असता तर हात धरून या खुर्चीत बसवलं असतं आणि विचारलं असतं, अहो, एवढा का मी बुद्धू होतो? दोन शब्द सांगितले असते तर मी ऐकलं नसतं? पण मला माहीत आहे, नसतं ऐकलं.

डोळे पुसता पुसता ताईला हसू आलं. "त्याईले खंत एकाच गोष्टीची होती," ती म्हणाली. "ग्रुपवर खरं लिहाचं होतं. पन तू बी त्यातच. तू वाचलं असतं. थ्या कोइम्बतूरवाल्याचं पाप माह्या माथी राह्यलं म्हनत."

मी तिथल्या तिथं ठरवलं. ताईला म्हणालो, "यंदाचा सगळा कापूस इथं आणतो. छतापर्यंत भरतो. भाऊजींचा भीमपलास जसा वाजायला पाहिजे तसा वाजवू. भावाचं मग पाहू."

ताईनं माझ्याकडे असं पाहिलं, जसं ती मला लहानपणी पाहायची, मी चिंचेच्या झाडावरून उडी मारतो म्हणालो की. "मंग त्याईनं तुहा बोल कायले लावून घेतला रे?" ती म्हणाली. उठून स्वयंपाकाला लागली.

मी गावी गेलो. तुमच्या आजारपणाच्या धावपळीत दोन वेचण्यांचा कापूस घरातच पडून राहिला होता, पांढराशुभ्र, यंदा खरंच चांगला आहे. भाव बरा होता. उत्तम नाही, बरा. गावात सगळे म्हणत होते थांब, चढेल. मी टेम्पो बोलावला. गाडी भरताना हात दोनदा थांबला, कारण प्रत्येक ओझ्यासरशी मला वाटत होतं की तुमच्या खोलीतून एकेक भिंत काढून नेतोय. पण भरली. विकला.

तिथून सरळ इकडे आलो, कपड्यांना कापूस तसाच चिकटलेला. ताईला म्हणालो, फोन दे भाऊजींचा. तिनं दिला. तुमच्या त्या गाण्यांच्या ॲपमध्ये बाई सगळ्यात वरच होत्या, शोधावं लागलं नाही. मी भीमपलास लावला आणि माझ्या खुर्चीत बसलो, पूर्ण टेकून.

वाईट वाजला, भाऊजी. फरशीवर भांडं पडावं तसा सूर चारी भिंतींवर आपटत होता. तंबोरा नुसता घोंगावत होता, बाईंचा श्वास तर कुठंच नव्हता. ताई हात पुसत दारात आली. मी विचारलं, "बंद करू?"

"राहू दे," ती म्हणाली. आत आली, तुमच्या खुर्चीवरचा पंचा घडी करून मांडीवर घेतला आणि तुमच्या जागी बसली. आम्ही दोघांनी तो भीमपलास शेवटपर्यंत ऐकला.